मिस्त्रींच्या हातात झोपणारा टॅब

वहिनींच्या दारावर पाटी होती : ‘खासगी तपास. आधी चपला काढा, मग खरं बोला.’

त्या सकाळी आलेल्या मुलीनं दाराबाहेर चिखलाचे बूट काढले आणि आत येऊन खुर्चीत बसताच ती रडायलाच लागली. भाऊजींनी, म्हणजे वहिनींच्या धाकट्या दिरांनी, घाईघाईनं पाण्याचा पेला पुढे केला. वहिनींच्या प्रत्येक तपासात ते बरोबर असत आणि दर वेळी न चुकता भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवत.

“माझ्या बाबांना आज बारा वाजता साइटवरून काढणार आहेत,” मुलगी म्हणाली. “आणि अहवालावर सही माझी असणार.”

ती एका इमारतीच्या साइटवर इंजिनिअर होती. वडील तिथेच सुतारांचे मिस्त्री. काँक्रीट ओतण्याआधी जो लाकडी साचा बांधतात, ते शटरिंगचं काम करण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. साइटसाठी एक दणकट टॅब निवडायचा होता, पडला, भिजला, धुळीत लोळला तरी चालणारा. निळा, काळा आणि पिवळा असे तीन नमुने आले. मुलीनं पिवळ्याची शिफारस केली.

“बादलीत बुडवला, जिन्यावरून पाडला, हातमोजे घालून वापरला. काही म्हणजे काही झालं नाही. पण स्लॅबवर बाबांच्या हातात चार वेळा बंद पडला. फक्त बाबांच्याच. निळा आणि काळा त्यांनीच वापरले, ते नीट चालले.”

“बाबा काय म्हणतात?” वहिनींनी विचारलं.

“चार दिवस म्हणत होते, मी काही केलं नाही. काल संध्याकाळी एकदम म्हणाले, मीच मुद्दाम बंद केला.”

तिनं अहवाल पुढे केला. चार ओळींत चार वेळा बंद पडल्याची नोंद होती. ‘कारण’ या रकान्यात मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. तिच्यानं ते लिहवलंच नव्हतं.

“कबूलच केलंय म्हटल्यावर प्रश्न मिटला,” भाऊजी म्हणाले. “चहा ठेवू?”

“स्कूटर काढा,” वहिनी म्हणाल्या.

साइटचं ऑफिस पत्र्याचं होतं. दाराबाहेर खुंट्यांची रांग होती. त्यांवर हेल्मेटं, हातोड्या, कमरेचे पट्टे लटकलेले आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : ‘अवजारं बाहेर!’ कुणाच्या तरी पटाशीनं नव्या टेबलावर ओरखडा ओढल्यापासून बांधकाम कंपनीच्या मालकीणबाईंनी हा नियम केला होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. वहिनी त्या खुंट्यांपाशी अंमळ रेंगाळल्या.

मालकीणबाई तडफदार होत्या. “मिस्त्री चांगला माणूस आहे हो. पण हा टॅब इथं माझ्यासमोर त्यांच्या हातात दहा वेळा दिला. एकदाही बंद पडला नाही! वर गेले की पडतो. म्हणजे कुणी बघत नसलं की बटण दाबतात, दुसरं काय?”

“मग दुसरा टॅब घ्या.”

“उन्हात निळ्यावर अक्षर दिसत नाही. काळा विटेपेक्षा जड. पिवळ्यात दोष नसेल तर तोच घेणार. दोष असेल तर पोरीची पारख कच्ची म्हणायची. पुढची निवड तिच्यावर कशी सोपवू?”

स्टोअरकीपरच्या डोक्यावर निळी टोपी होती आणि खिशाला निळं पेन. दोन्हींवर निळ्या टॅबवाल्यांचं नाव. भाऊजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं.

“फुकट मिळालं ते घेतलं, त्यात काय!” स्टोअरकीपर फणकारला. “मी फक्त टॅब चार्ज करून देतो. रोज संध्याकाळी तो ठणठणीत परत येतो. दुपारी मिस्त्री इथं ऑफिसात बसून त्याच्यावर नातवाचे फोटो बघतात, तेव्हा बरा चालतो! वरच काय होतं त्याला?”

वहिनींनी मुलीकडून टॅब मागून घेतला. “हा बंद कसा करतात?”

“हे काळं बटण दोन सेकंद दाबून धरायचं. नारिंगी बटण फोटोचं. नाहीतर सरळ झाकण लावायचं.” तिनं झाकण पालथं केलं. त्याची कड टॅबच्या डाव्या बाजूला आपसूक चिकटली आणि पडदा काळा झाला. झाकण उचलताच पुन्हा उजळला. “पण वर जाताना आम्ही झाकण काढून ठेवतो. वाऱ्यानं फडफडतं. बाकीच्या दोघांना झाकणच नाही.”

जिने चढता चढता भाऊजी कुजबुजले, “टोपीवाला! शंभर टक्के टोपीवाला!”

“तो वर येतच नाही, भाऊजी. कसा बंद करणार, मंत्र म्हणून?”

स्लॅबवर मिस्त्री फळी ठोकत होते. डाव्या मनगटावर काळा रुंद पट्टा आणि त्यावर मुंग्या डसाव्यात तसे खिळे चिकटलेले. न बघता एक खिळा उचलायचा, दोन घावांत आत घालायचा.

“झकास सोय आहे,” वहिनी म्हणाल्या.

“आधी खिळे दातांत धरायचो. आता परवानगी नाही.” मिस्त्रींनी मुलीकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

“टॅब कसा धरता, दाखवा बरं.”

बाकीचे दोन्ही हातांनी कडा धरत. मिस्त्रींनी तो शाळेतल्या पाटीसारखा डाव्या हातावर आडवा टेकवला. उजव्या हातानं लिहायला जाणार, तोच पडदा काळा! मुलीचा चेहरा उतरला.

“बघा! तुमच्या डोळ्यांदेखत बंद केला,” मिस्त्री घाईनं म्हणाले. “लिहून टाका. मला हे यंत्र आवडत नाही, म्हणून केलं. यंत्र बिचारं चोख आहे. माझ्या पोरीनं पारखलंय ते.”

“कुठलं बटण दाबलंत?”

मिस्त्री गडबडले. मग ठामपणे म्हणाले, “हे. नारिंगी.”

मुलगी काही बोलणार, तोच वहिनींनी तिचा हात दाबला. “तो मनगटाचा पट्टा जरा द्या. आणि खाली चला सगळे. बाराला वीस मिनिटं आहेत.”

ऑफिसच्या दारात वहिनी थांबल्या. “मॅडम, आज तुमचा नियम मोडणार आहे.”

त्यांनी पट्टा भाऊजींच्या डाव्या मनगटावर बांधला आणि टॅब त्यांच्या हातावर मिस्त्रींसारखा आडवा ठेवला. पडदा काळा झाला.

“अहो, मी काही केलं नाही!” भाऊजी किंचाळले.

“मिस्त्रीही चार दिवस हेच सांगत होते.” वहिनींनी पट्टा सोडला. टॅब उजळला. “या पट्ट्यात लोहचुंबक आहे, म्हणून खिळे चिकटतात. झाकणाच्या कडेतही चुंबक आहे, म्हणून ती आपसूक चिकटते. डाव्या बाजूला चुंबक आला की टॅबला वाटतं, झाकण लागलं, आता झोपा. तो बिघडत नव्हता, त्याला कुणी बंदही करत नव्हतं. तो गुणी बाळासारखा झोपत होता.”

“पण इथं दहा वेळा दिला होता!” मालकीणबाई म्हणाल्या.

“तुमच्या नियमामुळे पट्टा बाहेर खुंटीवर असायचा. दाराबाहेर माणूस काय काढून ठेवतो, ते बघायची मला खोड आहे. म्हणून इथं फोटो दिसायचे आणि वर अंधार. निळ्या-काळ्याला झाकण नाही, म्हणून ते फसले नाहीत. बाकीच्यांकडे पट्टा नाही आणि कुणी हातावर टेकवतही नाही.”

“मग कबूल का केलं?” भाऊजींनी विचारलं.

“फोटोच्या बटणानं टॅब बंद केला म्हणणाऱ्या माणसाचा कबुलीजबाब कसला? टॅबमध्ये खोट निघाली असती तर लेकीचं नाव गेलं असतं. मिस्त्रींनी त्यापेक्षा आपलं घालवायचं ठरवलं.”

मिस्त्री खाली बघत पुटपुटले, “माझं काय, तीस वर्षं झाली. तिचं आत्ता कुठे सुरू होतंय.”

“बाबा!” मुलगी रडत होती आणि हसतही होती. “तो पट्टा मीच दिला होता हो! वाढदिवसाला. दात खराब होतील म्हणून.”

“ठाऊक आहे ना मला. म्हणून तर अंघोळीशिवाय काढत नाही. इथं मॅडमच्या धाकानं काढतो.”

मालकीणबाईंनी घसा साफ केला, दोनदा. “मिस्त्री, पट्टा उजव्या हातात बांधा. डावा टॅबला मोकळा ठेवा. पिवळाच घेऊ. आणि पोरी, तो अहवाल पुरा कर. बारा वाजायला आले.”

मुलीनं अहवाल वडिलांपुढे सरकवला. “तुम्हीच लिहा, बाबा. माझ्यानं होणार नाही.”

मिस्त्रींनी पेन मागितलं. स्टोअरकीपरनं आपलं निळं पेन दिलं. चारही ओळींच्या रकान्यांवर एकच उभा कंस ओढून मिस्त्रींनी सावकाश लिहिलं : ‘कारण – लेकीची काळजी. यंत्रात दोष नाही.’

“हे ऑफिसच्या अहवालात चालणार नाही हं,” मालकीणबाई म्हणाल्या आणि खाली सही करून मोकळ्या झाल्या.