डावी सीट

माळशेजच्या वाटेवर, वैशाखरे गावाच्या अलीकडच्या वजनकाट्यावर माशी बसली, तर ती उपाशी आहे की जेवून आलीय, तेही कळतं. खोटं वाटतं? काट्यासमोर गुणाबाईच्या टपरीवर या, चहा पाजतो. तो काटा कधी खोटं बोलला नाही. बोलली ती काट्यावर वजनं घेणारी रविना... तीही एकदाच.

भात झोडून झालं होतं, पेंढ्याचे ट्रक वजनाला येत होते. त्यांच्या मागून एक जुनी शाळेची मिनीबस काट्यावर चढली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी! वाशिंदच्या भाविकने, कारखान्यातल्या वेल्डरने, स्वतःच्या हाताने जोडलेलं चालतं घर.

"दोन्ही बाजू वेगळ्या तोलून दे," तो म्हणाला. "माळशेज चढून लांब जायचंय. एकीकडं जड झाली, तर वळणावर कलंडेल."

आधी डावी चाकं काट्यावर घेतली, मग उजवी.

"डावी जड. टाकी हलव."

"हलवतो. पण तुझ्या केसांत पेंढ्याची काडी हाय, तिचंपण वजन धरलंस काय गो?"

"गाडीचं बघ!" ती म्हणाली... आणि काडी तशीच राहू दिली.

चार रविवार असे गेले. टाकी सरकली, पेटी सरकली. पाचव्या रविवारी दोन्ही आकडे सारखे! आता हा जाणार, रविनाच्या मनात आलं.

"अजून डावीच जड," ती पुटपुटली.

भाविक हसला नाही. त्याने ड्रायव्हरशेजारच्या डाव्या सीटकडे एकदा बघितलं आणि गाडी काढली.

पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती.

"डावी सीट काढली. गुणाबाईला दिली, गिऱ्हाइकांना बसायला."

"का रे?"

"तुझ्यासाठी लावली होती. तू दर खेपेला डावी जड म्हणायचीस... समजलो मी. तोंडावर नाय म्हणवत नाय तुला."

दोन्ही बाजू तोलून रविनाने काट्याच्या आकड्यांकडे बघितलं. "भाविक, आता उजवी जड झालीय. ती सीट परत लाव! मागल्या रविवारी मी खोटं बोलले रे... तू परत यावास म्हणून."

"आणि आज खरं बोलतेस, कशावरून?"

मागे पेंढ्याचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

"दया नको गो," तो हळूच म्हणाला.

मिनीबस काट्यावरून उतरली, उजवीकडे किंचित कललेली. घाटाकडच्या वळणापर्यंत ती तशीच दिसत होती.

तीच ही सीट. बसा, मऊ आहे. रविना रोज सकाळी ती पदराने पुसते आणि चहा उभ्यानेच पिते.