दुसरा मोजा

धाकटी नोकरीसाठी समुद्रापलीकडच्या शहरात निघाली, तेव्हा दादाने आईला समजावलं होतं, "चार हजार किलोमीटर. विमानाने पाच तास." आईने हात झटकला. "किलोमीटर कसले सांगतोस मला? तेवढ्या वेळात माझा एक मोजा विणून होईल का, ते सांग!"

व्हायचा. धाकटीचं घरी येणारं विमान उडालं, की आई सुयांवर टाके घालायची आणि लेक दारात येईपर्यंत एक मोजा तयार. जोडीचा दुसरा मात्र ती परत निघाल्यावरच सुरू व्हायचा, आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत बाई जागची हलायची नाही. फोन आला की धागा तोडायचा, तोही दातांनी. "तू काय उंदीर आहेस का गं?" म्हणून दादाने कितीदा चिडवलं, पण ऐकेल तर शपथ!

एके सकाळी दादाचाच फोन आला. "आईचं काही खरं नाही. असशील तशी निघ."

मिळालं त्या विमानात धाकटी बसली. पाच तास धीर धर गं आई, एवढंच ती मनाशी घोकत होती. पाय गार पडले होते. पांघरूण ओढून तिने डोळे मिटले आणि... तळव्यावर कुणाची तरी बोटं टेकली. अंगठा टाचेशी, करंगळी पंजाशी. मोज्याचं माप घ्यायला आई टेकवायची तशी वीत. तिने दचकून पांघरूण उचललं. तिथे कुणीच नव्हतं. शेजारचे आजोबा गाढ झोपले होते.

घरी आई पलंगावर निजल्यासारखी होती. उशाशी एक मोजा, पुरा विणलेला.

"तुझं विमान उडालं असेल, तेव्हाच गेल्या," वहिनी म्हणाली. "सुया मागून घेतल्या, चार टाके घातले, तेवढेच."

"मग हा पुरा कुणी केला?"

वहिनीचा आवाज खाली आला. "मला धड बटण लावता येत नाही, तुला ठाऊक आहे. आम्ही बाहेर फोन करत होतो... आत सुया वाजत होत्या. दार उघडायचा धीरच झाला नाही गं."

धाकटी आईच्या पावलांवर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

परत निघताना सुया आणि लोकरीचा गुंडा तिने आईच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली दादाला दिली. तो एकुलता मोजा बॅगेत घातला. "दुसरा राहिलाच रे," ती म्हणाली.

भर दुपारी ती आपल्या खोलीवर पोचली. दार लावलं. सवयीने आईला फोन लावायला गेली आणि हात तसाच राहिला. मग तिने बॅग उघडली.

आत दोन मोजे होते. दुसऱ्याचा धागा तोडलेला नव्हता. तो बॅगेतून निघून फरशीवरून दाराखालच्या फटीत शिरला होता आणि चांगला ताणलेला होता.

धागा बाहेरून हलकेच दोनदा ओढला गेला...

"पोचले गं आई," ती कशीबशी पुटपुटली. "सुखरूप पोचले."

दाराबाहेर कट् असा बारीक आवाज झाला आणि धागा सैल पडला. तिने तो आत ओढून घेतला. टोक चावून तोडलेलं होतं, आणि ओलं होतं.