दुरुस्ती करू नये

“काय हरवलंय का, मॅडम?”

मी तीनताड उडाले. आष्ट्याच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसून मी खडूनं रेघा ओढत होते, आणि हा पाठीमागं कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नव्हतं. मोटरसायकल कडेला लावलेली, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

“कानातलं पडलं व्हय?” म्हणत तोही खाली बसला आणि शोधायला लागला.

“भेगा शोधतेय,” मी म्हटलं.

“भेगा...?” त्यानं मान वर केली. डोळे हसरे होते, हे मला तेव्हाच दिसलं. “त्या हरवत्यात व्हय? आमच्याकडं लय हायती. लागतील तेवढ्या न्या.”

हा कपिल. त्याचं घर त्या रस्त्याला अगदी लागून, आणि नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. मी नीलिमा, साताऱ्याची, रस्त्यांची इंजिनिअर. पावसाची सर येऊन गेली की रस्ता वाळतो, पण भेगा ओल्या राहतात. तेव्हाच त्या नीट दिसतात, म्हणून मी त्या वेळी तिथं होते.

आमच्या संस्थेनं सातारा-सांगली भागातले रस्त्यांचे काही तुकडे निवडले होते. एक पाचगणीच्या चढावर, एक कोयनानगरच्या घाटात आणि एक हा, उसाच्या ट्रॉल्यांखाली दबणारा. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघत राहायचं. यंत्रानं वजन आपटून रस्ता किती लवतो ते मोजायचं, भेगा टिपायच्या. मग पुढचे रस्ते किती जाडीचे करायचे ते अंदाजपंचे ठरवावं लागत नाही. अट एकच, आम्हाला विचारल्याशिवाय तुकड्याला हात लावायचा नाही. दोन्ही टोकांना तशा पाट्या होत्या: ‘चाचणीचा पट्टा. दुरुस्ती करू नये.’

“म्हंजे तुमी रस्ता मोडायची वाट बघताय?” कपिलनं विचारलं.

“हो.”

“आन त्याचा पगार मिळतो?”

मी रागानं बघितलं. तो आणखीच हसला.

त्यानंतर दोन वर्षं मी तिथं जात राहिले. कपिल ट्रॉल्यांची वजनं मिळवून द्यायचा, मोजणी चालली की गाड्या थोपवून धरायचा. एकदा भुरभुर पावसात त्यानं छत्री उघडली आणि नेमकी यंत्रावर धरली.

“आणि मी?” मी विचारलं.

“तुमी भिजला तर वाळाल. मशीन वाळवायचं कुणी?” एवढं बोलून त्यानं छत्री हळूच माझ्याकडे कलती केली... मग तो निम्मा भिजला, मी निम्मी भिजले, यंत्र निम्मं भिजलं.

साताऱ्यात असले की त्याचा फोन यायचा. “मॅडम, पुलापाशी नवी भेग आलीया.”

“किती लांब?”

“तुमी येऊन बघाल एवढी.”

भेगेच्या बातमीनं कुणाचा चेहरा खुलतो का? माझा खुलायचा.

यंदाच्या हंगामात पट्टा अखेर त्या अवस्थेला आला, जिची आम्ही इतकी वर्षं वाट बघत होतो. चाकोऱ्या खोल गेल्या, भेगांचं जाळं झालं. एवढी एक मोजणी झाली की उसाच्या रस्त्यांच्या जाडीचा हिशोब नव्यानं मांडता येणार होता, आणि तो मी मांडणार होते. आमच्या प्रमुख विजयमाला मॅडम स्वतः यायच्या ठरल्या. मी कपिलला कळवलं. तो म्हणाला, “जेवान आमच्याकडंच.”

रविवारी सकाळी आमची जीप आष्ट्याजवळ आली आणि विजयमाला मॅडमनी चष्मा काढून पुसला.

“नीलिमा, आपला पट्टा कुठंय?”

समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत नवंकोरं काळंभोर डांबर पसरलं होतं. एक भेग नाही, एक चाकोरी नाही. आमच्या पाट्या कुणीतरी धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून, कपिलच्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी खाली उतरले आणि जीपचं दार धरून उभी राहिले.

पांढरा कडक सदरा घातलेले एक गृहस्थ हात जोडून पुढे आले. कपिलचे काका जालिंदर, रस्त्याची कामं घेणारे ठेकेदार.

“या, या. शेजारच्या गावात काम चालूच होतं. दोन-तीन गाड्या माल हिकडं वळवला, काल दिवस मावळायच्या आत उरकलं बघा. आवं, पावणं येणार आन दारात असला रस्ता? बरं दिसतं का?”

“पण... पाट्या?” मी भिंतीकडे बोट केलं.

“वाचल्या की. सरकारनं दुरुस्ती करू नये म्हणलं असंल. आमच्या दारातलं आमी करतो.”

मी विजयमाला मॅडमकडे बघितलं. त्या चष्मा पुसतच ओसरीवर जाऊन खुर्चीत बसल्या. कपिलची चुलती बनाबाई कांदेपोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. एक बशी मॅडमच्या हातात देत अगदी मायेनं म्हणाल्या, “आमाला तुमची लेक पसंत हाय. आता तुमी आमचं घर बघून घ्या.”

मॅडमचा चमचा हवेतच राहिला. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. अख्खं घर माझ्याकडे कौतुकानं बघत होतं, आणि दाराआड उभा असलेला कपिल इतका पांढराफटक पडला होता की त्याला आधार द्यावा असं वाटलं. पण मी त्याला बाहेर बोलावलं.

“हे काय आहे?”

“मी... मॅडम, मी फक्त म्हणलो, जेवान करा, मॅडम येणार हायत, बरोबर त्यांच्या मोठ्या मॅडमबी. आमच्या घरात पोरानं कवा कुणासाठी जेवान करा म्हणलं न्हाई. चुलतीनं वळखलं, पोरीकडची माणसं घर बघाय येत्यात. काकानं मला काल सांगलीला धाडलं, भडंग आण, पेढं आण म्हणून. परत आलो तर... हे.” त्यानं रस्त्याकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. “तुमाला फोन लावाय घेतला. हात चालंना.”

“तुम्ही सांगायचं ना त्यांना, असं काही नाही म्हणून!”

तो चपलेनं माती उकरायला लागला.

“का नाही सांगितलं, कपिल?”

“काकू इचारत होती, हीच का ती...” तो मातीकडेच बघत होता. “खोटं बोलाय नगं वाटलं.”

दोन वर्षं जे ऐकावंसं वाटत होतं ते मी ऐकलं होतं, आणि तेही माझ्या पट्ट्याच्या मढ्यावर उभं राहून. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. रडू जिंकलं.

“तो मोडायला हवा होता,” मी म्हटलं. “त्याच्या त्याच्या वेळेनं, आमच्या डोळ्यांसमोर. आता आत काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही.”

“मी उकरून काढतो. समदं. हातानं.”

“त्यानं जुना रस्ता परत येत नाही.”

त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात विजयमाला मॅडम पायऱ्या उतरून आल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

“हा पट्टा आपल्या अभ्यासातून गेला, नीलिमा. उद्यापासून तू कोयनानगरच्या घाटातला तुकडा बघायचास. इथं यायचं आता काही काम नाही. चल, निघू.”

इथं यायचं आता काही काम नाही... हे ऐकलं तेव्हा मला माझंच नवल वाटलं. पट्टा गेल्याचं दुःख होतंच, आणि ते पुढं कितीतरी दिवस राहणार होतं. पण त्या क्षणी छातीत जे तुटलं, ते डांबराचं नव्हतं.

“मी सांगतो घरात, तुमचा गैरसमज झालाय म्हणून,” कपिल हळूच म्हणाला. “तुमी निघा. पावणं-रावळं म्हणून तुमाला अजून तरास नगं.”

“थांबा,” मी म्हटलं. “मीच सांगते.”

मी डोळे पुसले आणि परत ओसरीवर गेले. बनाबाई बशी हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. जालिंदरकाका सदऱ्याची बटणं चाचपत होते.

“काकू, तुमचा गैरसमज झालाय,” मी म्हटलं. “या माझ्या आई नाहीत. या माझ्या वरिष्ठ आहेत, आणि तुमच्या रस्त्यामुळं त्या माझ्यावर भयंकर चिडल्यात.”

बनाबाईंचा चेहरा पडला. “म्हंजे... घर बघायला न्हाई आला तुमी?”

“आज नाही.” मी त्यांच्या हातातली बशी घेतली. “माझी आई साताऱ्यात आहे. पुढच्या रविवारी तिला घेऊन येते. तिला घर दाखवा, आणि मग काय विचारायचं ते तिलाच विचारा.”

पाठीमागं काहीतरी धप्पकन बसल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर कपिल पायरीवर बसला होता, तोंड उघडं, आणि विजयमाला मॅडम त्याला पाण्याचा तांब्या देत होत्या.