सशांचा निरोप

मांस तपासणीच्या प्रयोगशाळेच्या पायरीवर तो बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. तिथे नमुने तपासणारी ती घाईघाईत आली नि त्याच्यावरच अडखळली. पेटी वाचली, तिचा चष्मा मात्र पेटीवर जाऊन पडला.

"हाही तपासायचा का?" त्याने विचारलं.

"आधी पेटी द्या," ती म्हणाली. हसू आवरलं... पण अर्धंच.

तो ससे पाळायचा. तारेचे अरुंद पिंजरे त्याने स्वतःच्या हातांनी उखडायला घेतले होते, पेंढा अंथरलेले ऐसपैस कप्पे बांधले होते. व्यापाऱ्याने बजावलं होतं – मांसाचा दर्जा उतरला, तर पिंजरे परत! पेटीत दोन्हीकडचे नमुने होते.

दोन दिवसांनी तो आला.

"पिंजऱ्यातल्यांचं ठीक आहे," ती म्हणाली. "कप्प्यांतल्यांची चरबी कमी, मांडी घट्ट – छानच. पण मांस काळपट पडलंय. चिवट."

त्याचा चेहरा उतरला. "थोडं गोड लिहा ना, मॅडम."

"खोटं नाही लिहिता येत मला."

तो रिकामी पेटी उचलून गेला. तिचं मात्र कामात लक्ष लागेना. ससा मारण्याआधी घाबरला, धडपडला, की मांस असं होतं. पण एवढ्या मोकळ्या जागेत भीती कसली?

संध्याकाळी ती त्याच्या शेडवर धडकली. "कत्तलीला न्यायच्या दिवशी काय केलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "काही नाही... एकेकाला उचललं. छातीशी धरलं. निरोप घेतला."

"पिंजऱ्यातल्यांचाही?"

"त्यांच्याशी कुठे एवढी ओळख? कप्प्यांतल्यांशी रोजचं बोलणं होतं हो."

ती खळखळून हसली. हसता हसता डोळे भरून आले. "अहो, तुम्हाला माया आली... आणि त्यांना वाटलं, कोल्ह्यानेच धरलं! सगळी ताकद त्या धडपडीतच गेली त्यांची."

अहवालात तिने काळपट रंग तसाच ठेवला. खाली लिहिलं – 'दोष जागेचा नसून हाताळणीचा असावा. फेरतपासणी व्हावी.' व्यापारी कुरकुरत आणखी एका खेपेला तयार झाला.

त्या खेपेच्या दिवशी ती स्वतः हजर राहिली. कामगार सशांना अलगद, चटकन उचलत होते. तो कुंपणाबाहेर उभा.

"हात शिवशिवतायत," तो पुटपुटला.

"द्या इकडे." तिने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. गाडी वळणाआड गेली, तरी सोडले नाहीत.

मांस फिकट गुलाबी निघालं, हवं तसं. कप्पे राहिले. हे सांगायला ती आली, तेव्हा तो पेंढा बदलत होता.

"पुढच्या खेपेलाही याल?" त्याने विचारलं. "हात धरायला?"

"खेप महिन्यातून एकदा. आणि मधले दिवस?"

त्याने हातातला पेंढा खाली ठेवला.

"मधले दिवसच तर जात नाहीत," तो म्हणाला.

तिने पेंढ्याचा दुसरा भारा उचलला आणि त्याच्या शेजारी बसून सोडायला घेतला.