पोपटरामच्या नावाचा दिवा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल पान उलटावं, माझं काही म्हणणं नाही.

आणि आधीच सांगून ठेवतो, यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. भर दुपार आहे. साल १९९२, मार्च महिना, गाव जळगाव. घडलं ते माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत. तोताराम गुरुजी, राहणार अमळनेर. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस. असा माणूस भुताखेताच्या थापा मारेल का?

मामी, म्हणजे सुगंधाबाई, आदल्या वर्षी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

मामा रडले नाहीत.

तिरडी उचलली तेव्हा नाही, दहाव्याला नाही, नंतरही नाही. चहा दिला तर पीत. नाही दिला तर मागत नसत. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडी बधिर करतात ना, तसा तो माणूस सबंध बधिर झाला होता.

एकच गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. मामींना बैठकीत शोभेचा दिवा हवा होता. धुळ्याला एका नातेवाइकांकडे छताला टांगलेला काचेचा दिवा बघून आल्या, तेव्हापासून त्यांचं तेच चाललं होतं. बावीस वर्षं. मामांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"ट्यूबलाईटचा उजेड पडतो ना? मग झालं."

मामी गप्प बसायच्या.

आता मामांनी मनाशी धरलं होतं, की वर्षश्राद्धाच्या आत बैठकीत तिच्या पसंतीचा दिवा लागला पाहिजे. पंचाईत अशी, की तिची पसंती कोणती हेच त्यांना ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. याचं त्यांना फार लागलं होतं, फक्त ते बोलत नव्हते.

मंगळवारी गाडीने ते जळगावला गेले. अय्युबभाईंच्या दिव्यांच्या दुकानात.

तिथे छत दिसायचंच नाही. लोलकांची झुंबरं, साखळीला टांगलेल्या पितळी हंड्या, वेताच्या टोपल्यांचे दिवे, दुधी काचेचे गोळे, भिंतीवर वेलबुट्टीचे ब्रॅकेट. अय्युबभाई एकेक लावून दाखवत होते. मामा मान वर करून बघत होते. त्यांना सगळं सारखंच दिसत होतं.

शेवटी त्यांनी सगळ्यात मोठ्या झुंबराकडे बोट दाखवलं.

"गुरुजी, बैठकीचा दिवा बाईमाणसाला दाखवल्याशिवाय घेऊ नये," अय्युबभाई म्हणाले. "नंतर जन्मभर बोलणी खाल. बाईंना का नाही आणलं?"

इथे मामांनी सांगायला हवं होतं, की बायको वारली. ते त्यांच्या तोंडून निघालंच नाही.

ते म्हणाले, "येईल ती. बघून जाईल."

एवढं बोलून ते निघून आले. गुरुवारी झुंबर बांधून ठेवतो, असं ठरलं. खोक्यावर अय्युबभाईंनी 'अमळनेरचे गुरुजी' लिहून ठेवलं. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

गुरुवारी दुपारी मामा दुकानाची पायरी चढले.

अय्युबभाई हसून म्हणाले...

"या, पोपटराम गुरुजी."

मामा जागच्या जागी थांबले.

"कोण पोपटराम?"

"तुम्हीच की. काल बाई येऊन गेल्या ना. मी तुमचं नाव विचारलं, तर पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, पोपटराम लिहा."

मामांच्या हातातली पिशवी खाली पडली.

आता हे समजून घ्या. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मामी तर कहर करायच्या. तोता म्हणजे पोपट, म्हणून त्या तोतारामचं पोपटराम करायच्या. रेशनकार्ड काढताना त्यांनी तेच नाव सांगितलं होतं, कार्डावर तेच आलं आणि ते बदलून घ्यायला मामांनी महिनाभर हेलपाटे घातले. घरात आम्ही किती हसलो होतो. पण जळगावात मामांचं हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कशी होती दिसायला?" मामांनी विचारलं. आवाज अगदी सपाट.

"ठेंगण्याशा. हिरवं लुगडं. कपाळाला हे एवढं कुंकू."

मामींना नेताना हिरवंच लुगडं नेसवलं होतं.

"झुंबर काही त्यांना आवडलं नाही," अय्युबभाई आपल्याच नादात सांगत होते. "म्हणाल्या, हाई नको. इतला लोलक पुसी कोन?"

बरोबर आहे. एवढे लोलक पुसणार कोण, हे मामीच म्हणू जाणे.

"मग त्या हिरव्या काचेच्या कमळाच्या दिव्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी लावून दाखवला. पाच मिनिटं नुसत्या बघत होत्या. तोच बांधून ठेवलाय, गुरुजी."

शेजारचा भांड्यांच्या दुकानाचा निंबा चहा घेऊन आला होता. तो मध्येच बोलला.

"काल कधी, भाई?"

"दुपारी. दोन-अडीचला."

"काल अकरापासून पाचपर्यंत लाईट कुठे होती?"

अय्युबभाई निंबाकडे वळले.

"आपण दोघं बाहेर फळीवर बसलो होतो," निंबा म्हणाला. "तू मध्येच उठून आत गेलास. मला वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. मी दारातच होतो, भाई. आत कुणी गेलं नाही."

अय्युबभाईंनी कमळाचा दिवा काढलेल्या वरच्या रिकाम्या हुककडे बघितलं.

"लागला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांच्या तोंडावर हिरवा उजेड पडला होता. मी पाहिला."

पंखा बंद होता. बाहेर वाऱ्याची झुळूक नव्हती.

आणि वर त्या मोठ्या झुंबराचे लोलक...

किणकिणले.

एकदाच. मग थांबले.

निंबा चहा तिथेच ठेवून निघून गेला. मामा मात्र हलले नाहीत. ते अय्युबभाईंच्या जवळ गेले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "पसंत पडला ना तिला?"

"फार पसंत पडला, गुरुजी."

तेव्हा मामा रडले. भर दुकानात खाली बसून, अकरा महिन्यांनी. अय्युबभाईंना तोवर काही माहीत नव्हतं. मामांनी सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावले.

बऱ्याच वेळाने मामा उठले. "आणखी काही बोलली का?"

अय्युबभाई सांगेनात. मामांनी दोनदा विचारलं.

"मी म्हटलं, गुरुजींबरोबर घरी पाठवतो, बैठकीत लावून घ्या. तर म्हणाल्या..."

"काय म्हणाली?"

"तठे नको लावू. त्या येतीन तवय लई येतीन."

तिथे लावू नका. ते येतील तेव्हा घेऊन येतील.

कुठे येतील, हे दुकानात कुणीच विचारलं नाही.

वर्षश्राद्ध झालं. दिवा लागला नाही. खोकं सुतळीने बांधलेलं, तसंच मामांच्या खाटेखाली राहिलं. माझी बायको म्हणाली, नदीत सोडून द्या. मी म्हटलं, निदान लावून तरी टाका, म्हणजे विषय संपेल. मामा ऐकत नाहीत. मी भीतीचं बोललो की माझ्याकडे बघत राहतात. त्यांना भीती वाटतच नाही. मला वाटते.

याला आता सहा वर्षं झाली. मामा थकलेत. ते खोकं काही त्यांच्याने उचलवत नाही.

मागच्या रविवारी त्यांना भेटायला म्हणून अमळनेरला गेलो. खाटेखाली खोकं नव्हतं.

ते दाराजवळ होतं...

शेजारी मामा बसले होते. दाढी केलेली, धुतलेलं धोतर नेसलेले.

"खोकं कुणी आणलं इथे?" मी विचारलं.

"मी नाही," मामा म्हणाले. "बस जरा. चहा घे."

मी त्या दिवशी परत जाणार होतो. आज गुरुवार. मी अजून इथेच आहे, रजा वाढवून घेतली आहे, आणि मामांच्या आधी झोपत नाही.