मिरवणुकीच्या वेगात

झाशीच्या सीपरी बाजारातल्या पेट्रोल पंपावर शमिका रांगेत उभी होती, तेवढ्यात मागून एक मोटरसायकल असा काही आवाज करत आली, की पुढचा रिक्षावाला दचकून बाजूलाच झाला. शमिकाने वळून पाहिलं. गाडी तिच्याच मॉडेलची, तशीच काळी. फक्त सायलेन्सर वेगळा होता, आखूड आणि चकचकीत. आणि गाडीवरचा मुलगा... बरं, तोही काही वाईट नव्हता.

"भैया, ये साइलेंसर कहाँ से लगवाया?"

भैया हा शब्द त्याला चांगलाच लागला असावा. तिच्या गाडीच्या टाकीवरचं 'श्री गजानन प्रसन्न' वाचून तो म्हणाला, "तुम्ही मराठी? मग मराठीतच बोला ना. मी सुजय. माझं मराठी थोडं गडबड आहे, पण चालतं."

"मी शमिका. बाबा रेल्वेत गार्ड आहेत, आम्ही भुसावळचे."

"आम्ही इथलेच. राणीच्या वेळचे."

"वा. मग राणीच्या वेळच्या माणसा, खरं सांग. याने पॉवर वाढते?"

आता खरं काय ते सुजयला पक्कं माहीत होतं. असला मोकळा सायलेन्सर नुसता बसवला, की इंजिनातलं हवा-पेट्रोलचं माप बिघडतं. ते नीट जुळवून घेतलं तर हायवेवर, इंजिन जोरात फिरताना, थोडीफार ताकद जास्त मिळते. नाही जुळवलं तर मिळतो फक्त आवाज, आणि हळू चालवताना गाडी अगदी मरगळते. सुजयने जुळवलेलं नव्हतं. पण अशी मुलगी अशी बघत असताना 'मी फसलोय' असं कोण सांगणार?

"खूप वाढते," तो म्हणाला. "उडते गाडी." खोटं बोलताना त्याचे कान लाल झाले. शमिकाला वाटलं, लाजतोय बिचारा.

तिला आवाज हवा होता पाडव्यासाठी. झाशीत मराठी घरं ती किती, मूठभर. पाडव्याला त्यांच्या मंडळाची मोटरसायकलींची मिरवणूक लक्ष्मी ताल या तलावाजवळच्या महालक्ष्मीच्या देवळापर्यंत जाते, आणि सगळ्यात पुढे ध्वजाची गाडी असते. ती गाडी यंदा पहिल्यांदा मुलीने चालवायची, हे शमिकाने मंडळाच्या अध्यक्षांशी, नीलकंठरावांशी, भांडून मिळवलं होतं. "चालव," ते म्हणाले होते. "पण बंद पडली, तर पुन्हा कुठल्या मुलीने हा विषय काढायचा नाही." माणसं थोडी असली तर निदान आवाज तरी मोठा हवा, असं शमिकाचं म्हणणं.

झालं. सायलेन्सर बसला. आणि 'सेटिंग बघायला' म्हणून सुजय रोज संध्याकाळी हजर. तो गाडीभोवती फिरायचा, एखादा नट उगाच पिळायचा, मग दोघं पुलापर्यंत चक्कर मारून चहा प्यायची.

"कशी चालते?" तो विचारायचा.

"मस्त," ती घाईघाईने म्हणायची. "पण... उद्या एकदा बघून जा."

"उद्या तर येणारच होतो, शमिकाजी."

"जी कशाला लावतोस? मी काय तुझी मास्तरीण आहे?"

"तुम्ही ओरडता तशाच."

पाडव्याला ऊन सकाळीच तापलं. नऊवारी नेसलेली शमिका पुढे, मागच्या सीटवर ध्वज धरून इंदुमतीकाकू. काकूंचा गुडघा दुखरा, म्हणून त्यांना गाडीवर बसवलेलं. मिरवणूक ती मिरवणूक, माणूस चालतो त्याच वेगाने जायची. गाडी गचके खात होती, शमिका क्लच दाबून तिला कशीबशी जिवंत ठेवत होती. देवळाच्या अलीकडच्या चढावर मात्र फट्कन आवाज झाला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. ढोल थांबले. नीलकंठरावांनी मागच्या गाड्यांना हातानेच पुढे जायची खूण केली. काकू खाली उतरल्या आणि ध्वज घेऊन लंगडत चढ चढू लागल्या.

शमिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी तिथेच लावून ती तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. सुजय मागोमाग आला आणि दोन पायऱ्या सोडून उभा राहिला.

"मला एक सांगायचंय. पॉवर-वॉवर काही वाढत नाही. माझीपण गाडी अशीच बंद पडते. मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पहिल्यांदाच बोलत होता. खरं सांगितलं असतं तर... बात खतम."

तिने त्याला फाडून खायला हवं होतं. पण तिचीच मान वर होईना. "मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी पुलावर कळलं, गाडीत दम नाही ते. मी गप्प बसले."

"का?"

वर देवळाच्या अंगणात काकू गुडघा धरून बसलेल्या दिसत होत्या. शमिका उठली. "चल माझ्याबरोबर. आपल्यामुळे बाकीच्या मुलींच्या तोंडाला काळं नको."

नीलकंठराव कडुनिंबाचा प्रसाद वाटत होते. शमिका सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, मुलगी चालवत होती म्हणून गाडी नाही बंद पडली. सायलेन्सरने पडली. आणि तो असा आहे हे मला आधीच माहीत होतं."

"मलापण," सुजय म्हणाला. "माझ्यामुळेच लागला तो."

"माहीत होतं, तर मूळचा परत का नाही बसवला?" नीलकंठरावांनी विचारलं.

अख्खं मंडळ कान देऊन ऐकत होतं. आळस केला, असं म्हणता आलं असतं. पण मग पुढच्या वर्षी 'मुली अशाच निष्काळजी' हेच ऐकावं लागलं असतं. शमिकाचा चेहरा पेटला होता.

"बसवला असता," ती म्हणाली, "तर हा रोज संध्याकाळी आला नसता."

कोणीतरी खोकलं. धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. इंदुमतीकाकूंनी गुडघा चोळत सुजयकडे पाहिलं. "आणि तू रे? तू कशाला यायचास?"

सुजयचं होतं नव्हतं ते मराठी पळालं. "इनके लिए," तो म्हणाला. "गाड़ी तो... मुझे पता था, मुझसे नहीं सुधरेगी."

नीलकंठरावांनी शमिकाच्या हातावर कडू प्रसाद ठेवला. "पुढच्या वर्षी ध्वज तूच ने. पण गाडी बघायला या मुलाला बोलवायचं नाही."

"नाही बोलवणार," शमिका खाली बघत म्हणाली. "गाडी बघायला नाही."

हळूहळू सगळे आरतीला आत गेले. सुजय तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. दोघांचेही पाय अनवाणी होते, अंगणातली फरशी चटके देत होती, आणि तरी दोघांपैकी कोणीच सावलीत गेलं नाही.