लोरेटाची सवत

संगीत अमर आहे. माणसं जातात, राज्यं बुडतात, सूर मात्र मागे उरतो. 'द स्लो केटल्स' या बँडच्या बाबतीत मागे उरल्या होत्या रेकॉर्डी, आणि त्या हेटी बॅराक्लफच्या पलंगाखाली होत्या.

बँड उत्तर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा. हेटी त्यात ऑर्गन वाजवायची आणि आठवडाभर पडद्यांच्या दुकानात कापड मोजायची. बँडमधल्या सगळ्यांना वेड एकच : साठच्या दशकातल्या अमेरिकन सोल आणि फंकसारखं वाजवायचं. तसाच ऑर्गन, तसेच ड्रम्स, शक्य झालं तर तसाच घाम. रेकॉर्ड जुनी वाटावी म्हणून त्यांनी ती एका चर्चच्या गळक्या हॉलमध्ये, एकाच माइकवर, भंगारातून आणलेल्या टेपवर केली. जीव तोडून जुनी केलेली ती रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा लोक म्हणाले, "हे जरा जुनंच वाटतं," आणि पुढे गेले. त्यातून लेबल छापून घ्यायचं काम होतं ड्रमर क्लिफ्टनकडे. तो विसरला. सगळ्या रेकॉर्डी कोऱ्या पांढऱ्या लेबलाच्या निघाल्या.

"गूढ वाटतं," क्लिफ्टन म्हणाला, आणि विषय मिटला.

दोन वर्षांनी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, बँडला कुठे वाजवायला मिळतंय का ते विचारायला हेटी सॉर्बी ब्रिजच्या कामगार क्लबात गेली. वाऱ्याने छत्री उलटी केली होती, पाऊस मानेवरून थेट पाठीत उतरला होता. दारात उभी राहून ती केस पिळत होती... आणि आतून तिचाच ऑर्गन ऐकू आला.

ती तशीच आत गेली. भर दुपार, उकडलेल्या वाटाण्यांचा आणि ओल्या कोटांचा वास. घेरदार पँट्स घातलेली माणसं जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडून, बूट सरकवत, गिरक्या घेत नाचत होती. तिच्या गाण्यावर. जे ऐकून तिच्या सख्ख्या आईने टीव्ही मोठा केला होता.

रेकॉर्ड लावणारा मुलगा उंच, किडकिडीत, तपकिरी स्वेटरातला. डोळे मिटलेले. खालचा ओठ दातांत. हेटी लेबल वाचायला वाकली, तसा त्याने चटकन तळहात आडवा धरला.

"बघायचं नाही."

"का?"

"झाकलेली आहे."

घुंघटातल्या नवरीबद्दल बोलावं तसं तो बोलला. दुर्मिळ जुन्या रेकॉर्डींवर नाचणाऱ्या या मंडळींची ती रीतच. कुणाकडे नसलेली रेकॉर्ड हाताला लागली की तिच्या नावावर कागद चिकटवायचा आणि वर खोटं नाव लिहायचं, म्हणजे बाकीच्यांना ती शोधता येत नाही. या कागदावर लिहिलं होतं : लोरेटा ग्रेव्हज.

"ही लोरेटा कोण?"

"नाव मी ठेवलंय. खरं अजून सापडलं नाही. टॉडमॉर्डनच्या बाजारात मिळाली, कोरी. पण ओहायोकडची असणार. सदुसष्ट साल. आणि ऑर्गनवर बाई आहे."

"बाई कशावरून?"

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. डोळे करडे, थोडे झोपाळू. "ऐक ना... पुरुष इतकं थांबत नाही. ही प्रत्येक सुराआधी जरा— विचारते. येऊ का म्हणून."

हेटीचे कान तापले. बँडमध्ये तिची आजवरची सर्वांत मोठी तारीफ होती, 'आज जरा कमी जोरात वाजवलंस.'

"आता हे दुसरं कडवं. हा सूर... चुकलाय. मुद्दाम. इथे तिचं काळीज फाटलंय."

हेटीने सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. आपल्याबद्दल या मुलाला आणखी काय काय ठाऊक आहे, याचं तिला भयंकर कुतूहल वाटायला लागलं होतं.

"अजून काय कळलंय तिच्याबद्दल?"

"वेळ आहे तुला?"

ती बँडसाठी काम मागायला आली होती. "आहे," ती म्हणाली.

त्याचं नाव एडी पिकल्स. मग प्रत्येक रविवारी चहाचे दोन कप आणि लोरेटा. हेटीला स्वतःबद्दल बरीच माहिती मिळाली. ती डावखुरी आहे, हे खरं होतं. चर्चमध्ये वाढलीय, हेही खरं. पुरुषांवर तिचा विश्वास नाही, हे पूर्वी खरं होतं. हल्ली तिला खात्री वाटत नव्हती.

"आता ऐंशीच्या पुढे असेल," एडी हळहळला. "असली तर."

"असेल. तब्येतही बरी असावी, असं वाटतं."

"तुला काय माहीत?"

"वाजवण्यावरून कळतं," हेटी म्हणाली आणि चहात बघत राहिली.

तो तिला स्टेशनपर्यंत पोचवायला यायचा, छत्री तिच्यावर धरून स्वतःचा खांदा भिजवत. कप देताना बोटं लागायची... आणि जरा जास्तच वेळ लागलेली राहायची. एकदा तिच्या गालावर पावडर उडाली. त्याने ती अंगठ्याने पुसली, हात तिथेच ठेवला आणि हळूच म्हणाला, "लोरेटाचे हात तुझ्यासारखेच असतील. छोटे."

हेटीने रुमाल काढला आणि उरलेली पावडर स्वतः पुसली.

क्लिफ्टन एरवी बस चालवायचा. शेवटच्या स्टॉपवर, रिकाम्या बसमध्ये, त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पोरगा तुझ्यावर मरतो, हे तुला माहीत आहे. फक्त त्याला माहीत नाही."

"तो लोरेटावर मरतो."

"पोरी, बायका एकमेकींच्या सवती झालेल्या ऐकल्यात मी. स्वतःचीच सवत झालेली तू पहिली."

"हसू नकोस. डिसेंबरात क्लबात त्यांचं मोठं संमेलन आहे. साऱ्या उत्तरेतले जाणते येतात. फक्त जुनी, अस्सल रेकॉर्ड लावायची. नवी लावली की माणूस कायमचा बाद. आणि एडी तिथे लोरेटा लावणार आहे. स्वतःचा शोध म्हणून."

"मग सांग त्याला."

"सांगितलं तर त्याची लोरेटा जाते. शिवाय इतके रविवार गप्प बसून मी त्याचा चहा प्याले, हे कळेल. नाही सांगितलं तर लोक जन्मभर त्याला हसतील."

क्लिफ्टनने विचार केला. "दोन्हीकडून तू गेलीसच. तर खरं बोलून जा. आणि माझं नाव घेऊ नकोस."

संमेलनाच्या दिवशी एडीने टाय बांधला होता. स्टेजमागच्या खोलीत तो रेकॉर्ड छातीशी धरून उभा होता. कोपऱ्यात क्लबचा जुना ऑर्गन होता, बिंगोच्या संध्याकाळी वाजणारा. हेटीने त्याच्यावरचं फडकं काढलं.

"एडी, लोरेटा लावू नकोस."

"का?"

ती बसली आणि वाजवायला लागली. पहिलं कडवं. दुसरं. तो चुकलेला सूरही, जसाच्या तसा.

एडीने रेकॉर्ड छातीशी आणखी घट्ट धरली. मग म्हणाला, "नक्कल छान करतेस."

"नक्कल नाही रे. हॅलिफॅक्समध्ये केली. दोन वर्षांपूर्वी. लेबल छापायचं राहून गेलं."

"आणि तो सूर? काळीज—"

"शिंक आली होती. हॉल गळका होता."

तो खुर्चीवर बसला. बाहेरून त्याचं नाव पुकारलं गेलं.

"पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललंच नव्हतं," हेटी म्हणाली. "म्हटलं, अजून थोडं ऐकावं... मग सांगायची भीती वाटायला लागली. तू तिच्याकडे बघायचास. मी मधे होते."

एडी उठला. तिच्याकडे न बघता बाहेर गेला.

हेटी हॉलच्या कडेला येऊन उभी राहिली. पहिल्या रांगेत डेरिक बसला होता, संमेलनाचा अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचा. इथला शेवटचा शब्द त्याचा. एडीच्या पिशवीत दुसऱ्या पन्नास रेकॉर्डी होत्या. तो माइकपाशी वाकला.

"लोरेटा ग्रेव्हज नावाची कुणी बाई नाही," तो म्हणाला. "ही हॅलिफॅक्सच्या द स्लो केटल्सची रेकॉर्ड. नवी. मला कुणी फसवलं नाही, मीच फसलो. पण ऐका." आणि सगळ्यांसमोर त्याने वरचा कागद सोलून काढला.

कुणी ओरडलं नाही. इथे ओरडत नाहीत, नुसते बाजूला होतात, आणि ते जास्त लागतं. बघता बघता अख्खी जमीन मोकळी झाली. मागे फक्त पावडर आणि बुटांच्या रेघा. ऑर्गन मोकळ्या जमिनीला ऐकवत राहिला. हेटीला त्याची सवय होती, पण एडीला नव्हती.

तो स्टेजवरून उतरला, ती पांढरी जमीन ओलांडून तिच्यासमोर आला.

"नाचतेस?"

"सगळे बघतायत."

"बघू देत. अब्रू आत्ताच गेली, आता मला काही काम नाही."

"मला येत नाही नाचता."

"मला येतं. पण आत्ता पाय कापतायत. बरोबरी होईल."

त्याने हात धरला. थंड होता, आणि दोघांपैकी कुणाचा जास्त हे कळत नव्हतं. दुसऱ्या कडव्यात शिंकेचा सूर आला, तेव्हा त्याचं हसू तिला कानाशी जाणवलं.

"मी खोटं वागले, एडी."

"हो. त्यावर भांडू. उद्या, सविस्तर."

"आणि लोरेटा?"

"विचारून मग येणाऱ्या बाईवर माझं प्रेम बसलं होतं," तो म्हणाला. "ती तूच निघालीस, तर आता मी तक्रार कुठे करू?... हेटी, माझं तुझ्यावर—"

या खेपेला तिने काही विचारलं नाही. टाचा उचलल्या, त्याचा टाय धरला आणि त्याचं वाक्य मधेच संपवलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दोघं हळूहळू फिरत होते, डोळे मिटून. अख्खा हॉल गप्प होता. मग पहिल्या रांगेतून डेरिक उठला आणि एकटाच, सावकाश पावलं टाकत, त्यांच्याकडे निघाला. लोकांनी माना लांब केल्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला. खाकरला.

"पिकल्स."

"बोला, डेरिक."

"रेकॉर्ड मघाशीच संपली. सुई तेवढी उचलतोस का?"